पूरग्रस्तांची ओटी

आमच्या सोसायटीने पूरग्रस्तांसाठी जमवलेल्या मदतीची यादी खजिनदारांनी लिफ्टशेजारच्या फलकावर लावली आहे. गहू चार पोती, तांदूळ तीन पोती, साखर एक पोतं (अर्धं), बिस्किटांचे पुडे दोन खोके, स्वेटर एक गाठोडं, चादरी बारा आणि ब्लाउजपीस चारशे बारा. सोसायटी एकशे साठ बिऱ्हाडांची आहे. म्हणजे घरटी अडीच ब्लाउजपीस पडले. चादर मात्र तेरा घरांत मिळून एक.

ब्लाउजपीस ही काय चीज आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास कापड, पुठ्ठ्याच्या पट्टीवर घडी, वर प्लास्टिकची पिशवी आणि जगातल्या कुठल्याही साडीशी जुळणार नाही असा रंग. हा रंग मुद्दाम तयार करतात, अशी माझी जुनी शंका आहे. विटकरी म्हणावा तर किंचित जांभळा, जांभळा म्हणावा तर मळका. जुळला असता तर कोणीतरी शिवला असता, आणि शिवला असता तर सगळं चक्रच थांबलं असतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तो तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर येतो, श्रावणात मंगळागौरीला पहिल्यावरून पाचव्यावर चढतो, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी पाचव्यावरून समोरच्या इमारतीत जातो आणि कोणाच्या तरी डोहाळेजेवणाला परत मूळ घरी पोचतो. तिथे त्याला कोणी ओळखत नाही. आमच्या घरातून २०१४च्या सुमारास गेलेला एक, कोपऱ्यावर निळ्या पेनाची रेघ असलेला, गेल्या संक्रांतीला परत आला. प्रकृती उत्तम होती.

पुरुषमंडळींनी लगेच हसू नये. सत्काराच्या शालींचंही हेच आहे. पण शाल निदान अंगावर घेता येते.

तर या अमर कापडाला बाहेर पडायला वाट नव्हती. ती पुराने दिली. २०१९ला सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा पहिली तुकडी निघाली. २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा दुसरी. २०२५चा योग मात्र दुर्मीळ. घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि त्याच सुमारास धाराशिव जिल्ह्यात परंडा-भूमकडे आभाळ फाटलं. सीना पात्र सोडून शिवारात शिरली, खाली करमाळा, माढा, मोहोळपर्यंत गावंच्या गावं पाण्याने वेढली, आणि छतांवर अडकलेल्या माणसांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने काढावं लागलं. म्हणजे इकडे नवरात्र, ब्लाउजपीसांच्या आवकीचा हंगाम ऐन भरात, आणि तिकडे पूर, म्हणजे जावकीची सोय. असा योग पंचांगातसुद्धा सहसा सापडत नाही. आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींकडे तर दुपारी ओटीत आलेला ब्लाउजपीस संध्याकाळी मदतीच्या खोक्यात पडला. मधे त्याला कपाटाचा वारासुद्धा लागला नाही.

सोसायटीचा मोबाइलवरचा गट त्या आठवड्यात पाहण्यासारखा होता. नवरात्रातला मंगळवारचा रंग लाल. अंगणात लाल साड्यांची रांग, त्याखाली छतावर बसलेल्या कुटुंबाचा व्हिडिओ, त्याखाली पुन्हा लाल साड्या, वेगळ्या कोनातून. तिन्हींवर तेच जोडलेले हात आणि तीच फुलं. बुधवारी गडद निळा. गुरुवारी पिवळा, आणि कोणीतरी एक महापुराचा व्हिडिओ टाकला ज्यात मागे नारळाची झाडं आणि खांबावर मल्याळम पाटी होती. ‘बापरे, बिच्चारा मराठवाडा!’ असे त्यावर सतरा जण कळवळले. शनिवारी करडा. त्या शनिवार-रविवारी मराठवाड्यात पावसाने पुन्हा झोडपलं. पण रविवारी नारिंगी असल्यामुळे ते मागे पडलं.

वावरीची गोष्ट मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. घट बसवायला शेतातली माती, म्हणजे वावरी, लागते. शहरात शेत नाही, म्हणून मंडईबाहेर ती पिशवीतून विकत मिळते. देव्हाऱ्यात ती पसरून त्यात गहू पेरले, घट मांडला, माळ सोडली, रोज नेमाने पाणी शिंपडलं. नऊ दिवसांत अंकुर वीतभर वाढले आणि त्यांचेही फोटो आले. त्याच नऊ दिवसांत सीनाकाठच्या शेतकऱ्याची वावरी वाफ्यासकट, बांधासकट, ठिबकच्या नळ्यांसकट वाहून गेली. जिथे पुरुषभर काळी होती तिथे आता मुरूम आणि धोंडे आहेत. ही काळी माती बेसाल्टचा कातळ झिजून होते आणि इंचभर व्हायला शेकडो वर्षं जातात. ती एका रात्रीत भीमेच्या वाटेला लागली. वर काढणीला आलेलं सोयाबीन होतं, ज्याच्या पैशावर दिवाळी व्हायची आणि उधारी फिटायची. विहिरी गाळाने भरल्या, मोटारी त्यात गाडल्या गेल्या, दावणीची जनावरं दावणीलाच मेली, कारण रात्री दावं सोडायला कोणी गोठ्यापर्यंत पोचू शकलं नाही. ज्या मराठवाड्यातल्या लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्या मराठवाड्याची ही गोष्ट आहे. आणि यावर आमचा प्रतिसाद काय, तर रुबिया, टू बाय टू, मिक्स रंग.

बरं, धाराशिव जिल्हा आम्हाला अनोळखी आहे म्हणावं, तर तसंही नाही. तुळजापूर त्याच जिल्ह्यात आहे. आमच्या सोसायटीतली निम्मी घरं तुळजाभवानीला ओटी भरायला तिथे जाऊन आलेली आहेत. वाटेतल्या ढाब्यांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. देवीला नेताना खण दुकानात बसून निवडतात, काठ पाहतात, रंग उजेडात नेऊन बघतात. तिच्याच जिल्ह्यातल्या बाईला पाठवायची वेळ आली की कपाटाचा खालचा कप्पा उघडतो.

‘पण त्यांना ब्लाउजपीसचा काय उपयोग?’ असं मी सभेत विचारलं. शांतता पसरली. मग एक काकू म्हणाल्या, ‘अहो, नवे आहेत! कोरे आहेत! आम्ही काय चिंध्या पाठवतोय?’ हे खरं होतं. चिंध्या दुसऱ्या खोक्यात होत्या. भगवंतांनी जीर्ण वस्त्रांचा दाखला अर्जुनाला आत्म्यासाठी दिला. आमच्या सोसायटीने तो शब्दशः घेतला आणि वस्त्रं टाकायची जागा म्हणून परंडा तालुका ठरवला. दुसऱ्या खोक्यात एक सफारी होता, पॅन्टविना. एक शेरवानी होती, नवरदेवाची, छातीवर कुंदन. गुडघाभर गाळात उभं राहून घरातला संसार घमेल्याने उपसणाऱ्या माणसाने ती कधी घालायची, याचा खुलासा सोबत नव्हता. आणि चारशे बारा ब्लाउजपीस शिवायचे कोणी? ज्या गावात चूल पेटत नाही, तिथल्या शिंप्याचं मशीन काय माळ्यावर सुखरूप बसलंय? अस्तर कुठून आणायचं? हुक कुठले? मापं कोण घेणार, बचाव पथक?

यावर अध्यक्षांनी ‘भावना महत्त्वाची’ असं सांगून विषय संपवला. हे वाक्य आलं की समजावं, की आता वस्तूबद्दल बोलायला बंदी आहे.

आता जे सांगतो ते सांगताना माझा आवाज चढणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. आमच्या फाटकावर रात्रपाळीला जे वॉचमन मामा बसतात, ते परंडा तालुक्यातले आहेत. सात वर्षं बसतात. त्यांना पार्सलं घेता येतात, टाकीचा पंप लावता येतो, कोणाच्या कुत्र्याला कोणाचं कुत्रं चावेल हे ठाऊक असतं. पूरग्रस्तांना काय पाठवावं यावर गटात तीनशेच्या वर संदेश झाले, उपसमिती नेमली गेली, आणि फाटकावरच्या पूरग्रस्ताला विचारायचं एकशे साठ घरांतल्या एकालाही सुचलं नाही. त्यांना हाक मारली ती खोकी पार्किंगमध्ये उतरवायला.

मी विचारलं, मामा, गावाकडे काय लागेल? ते म्हणाले, ‘कपडे हैत की साहेब. ट्रंक माळ्यावर व्हती, वाचली. जनावरांना वैरण न्हाई. गंजच गेली. दोन गाया ऱ्हायल्यात, त्यास्नी काय घालावं?’ मी खोक्याकडे बोट केलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि अगदी सरळ आवाजात म्हणाले, ‘ह्ये आमच्याकडं बी लई हैत.’

तेव्हा परंड्याच्या ट्रंकेतही ते आहेत. आणि का नसावेत? तिथेही लग्नं होतात, ओट्या भरतात, तिथल्या बायकाही एकमेकींना जुळणार नाहीत असे रंग देतात. आपण पाठवलेले तिकडे पोचतील, तिकडून कोण्या पाव्हण्याबरोबर पुढच्या वर्षी इकडे येतील. फक्त या फेरीचं डिझेल आपण मदतनिधीतून भरणार.

गोष्ट इथे संपली असती तर मी हसून सोडून दिली असती. पण मामा बोलल्याचं समितीच्या कानावर गेलं आणि समितीला एकदम साक्षात्कार झाला. खरा पूरग्रस्त, जागेवर, आणि गणवेशात! दसऱ्याच्या सकाळी मामांना रात्रपाळी संपल्यावर थांबवून घेतलं, पाठीमागे फलक लावला, आणि अध्यक्षांच्या हस्ते त्यांना पाच किलो तांदूळ, एक बिस्किटांचा खोका आणि दोन ब्लाउजपीस देण्यात आले. फोटोत सात जण आहेत. ब्लाउजपीस कॅमेऱ्याला नीट दिसावेत म्हणून मामांना ते छातीशी धरायला सांगितलं होतं. एक मोरपंखी आहे. दुसऱ्याच्या कोपऱ्यावर निळ्या पेनाची रेघ आहे.

आणि या महिन्यात मामांच्या पगारातून चार दिवस कापले. गोठा वाहून गेल्याचा फोन आला तेव्हा ते न सांगता गावी गेले होते. न सांगता म्हणजे गटावर न टाकता. गटात त्यांना घेतलेलंच नाही. मी खजिनदारांना भेटलो. ते म्हणाले, नियम आहे, एकाला सूट दिली की सगळे मागतात. सगळे म्हणजे कोण? आणखी कोणाच्या गाई वाहून गेल्या आहेत? आपल्या इमारतीतल्या कोणाची साधी कुंडी तरी वाहिली का? दोनशे किलोमीटरवरच्या माणसासाठी ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांना वीस पावलांवरच्या माणसाचे चार दिवस कापताना काहीच होत नाही. वर त्याच माणसाला फलकासमोर उभं करून हसायला सांगतात!

ही खोड फक्त आपलीच आहे असंही नाही. २००४च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमकडे देशभरातून इतके जुने कपडे गेले, की रस्त्यांच्या कडेला त्यांचे ढीग पडून राहिले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी वापरलेले कपडे घ्यायला नकार दिला. घर, नाव, जाळी, माणसं समुद्राने नेल्यावरही लोक दुसऱ्याची उतरलेली वस्त्रं घालत नाहीत, हे ऐकून दात्यांना तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आपल्याकडे वाईट वाटत नाही, राग येतो. ‘माज आहे एकेकाला’, ‘मदतीत कसली आवडनिवड करायची?’ हे मी या महिन्यात लिफ्टमध्ये दोनदा ऐकलं. बोलणाऱ्या गृहस्थांनी त्याच दिवशी ऑनलाइन मागवलेला सदरा रंग फोटोसारखा नाही म्हणून परत पाठवला होता.

आवडनिवड असतेच. आज सीनाकाठच्या माणसाला विचारलंत तर तो सरळ सांगेल. कडबा, मुरघास, पेंड. विहिरीतला गाळ काढायला माणसं आणि यारी. जळलेल्या मोटारींचं रिवायंडिंग करून देणारा मिस्त्री. पोरांच्या वह्या-पुस्तकं, कारण दप्तरं गेली. ज्यांच्या शेतात माती उरली आहे त्यांना ज्वारी-हरभऱ्याचं बियाणं, आणि ज्यांची गेली आहे त्यांना गाळाची माती आणून पसरायला ट्रॅक्टरचं भाडं. यातलं काहीही कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडत नाही. खिशात हात घालावा लागतो, म्हणून तर मिनिटाला एक खोकं भरतं आणि पैशाची पेटी वाजत नाही.

मदतीचा टेम्पो रविवारी पहाटे सुटणार आहे. टेंभुर्णी, कुर्डुवाडीवरून परंडा, आणि वाटेत कडबा विकत मिळतो. शनिवारी रात्रीपर्यंत सोसायटीतल्या कोणी ते चारशे बारा उतरवून घेतले आणि तेवढी जागा वैरणीला मोकळी ठेवली, तर कडब्याचे पैसे मी भरतो. हमालीला मात्र मामांना बोलावू नका. आणि खजिनदारसाहेब, ते चार दिवस सोमवारच्या आत द्या, फोटो न काढता.