जागता पहारा

हे गृहस्थ बहुतेक पुण्यात सापडतात. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीला. लग्नाच्या पंगतीत कुणी ‘विंडोजची अपडेटं फार छळतात हो’ म्हणालं, की ते मठ्ठ्याची वाटी खाली ठेवतात. ‘लिनक्स टाका. मला इतक्या वर्षांत काही त्रास नाही.’ शेजारी बसलेली बायको तेव्हा जिलबीकडे एकाग्रतेने पाहत असते. तिला मागचा आठवडा ठाऊक असतो.

मागच्या आठवड्यात त्यांनी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट केला. कुणी सांगितलं नव्हतं. लिनस टोरवाल्ड्स १९९१ पासून हे प्रकरण चालवतोय आणि साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती सोडतो. ती टाकून पाहिल्याशिवाय यांना अन्न गोड लागत नाही. संध्याकाळी ऑफिसात झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचून पाहतात तो पंखा घरघरतोय, बॅटरी संपत आलीय आणि लॅपटॉपला हात लाववत नाही.

दुसरा कुणी चरफडला असता. हे मोहरले.

‘अगं, हा झोपतच नाहीये!’

बायको आतल्या खोलीत जाऊन मुलाला पाहून आली.

मग तपास सुरू. आधी सिस्टिमच्या नोंदी उपसायच्या: झोपायला सांगितल्यावर कुणी आज्ञा पाळली, कुणी नाही. मग झोपेचा प्रकार. जुन्या एस-थ्री पद्धतीत मेमरी सोडून जवळपास सगळ्यांची वीज काढून घेतात. नव्या एस-टू-आयडलमध्ये सगळे नुसते पडून राहतात, आणि एकजण जरी चुळबुळत राहिला तरी प्रोसेसरला गाढ झोप लागत नाही. एकत्र कुटुंबातल्या दुपारच्या झोपेचा हाच नियम असतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एस-थ्री मिळतच नाही, हे यांना पक्कं माहीत. तरी बूटच्या ओळीत ‘डीप’ लिहून पाहतातच.

मशिनला कोण उठवू शकतं, याची यादी कर्नलकडे असते. तिच्यात यूएसबी कंट्रोलरचं नाव दिसलं. त्याला बंद केलं. फरक नाही. शेवटी मध्यरात्री वायफायचा ड्रायव्हर काढून घेतला आणि लॅपटॉप मुकाट झोपला.

‘मग झोपण्याआधी तो काढत जा की,’ बायको म्हणाली.

‘हा उपाय झाला. कारण कुठाय?’

इथे या माणसाचं खरं रूप दिसतं. लॅपटॉप झोपावा ही त्यांची इच्छा कधीच नव्हती. तो का झोपत नाही, हे त्यांना हवं असतं. त्यासाठी गिट बायसेक्ट. एका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. ते निम्मे-निम्मे करत गेलं की तेरा-चौदा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. दर फेरीला कर्नल नव्याने कंपाइल करायचा, रीबूट, झाकण मिटायचं, थांबायचं, उघडायचं. कंपाइल होताना पंखा असा कोकलतो की लॅपटॉपचं सोडा, वरच्या मजल्यावरचेही झोपत नाहीत. पहाटे तो एक बदल हाती लागला, तेव्हा गृहस्थांनी बायकोला उठवून दाखवला. एका ओळीचा होता. तिने ‘छान’ म्हटलं आणि कूस बदलली.

थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर अपडेटनंतर तुमचं-आमचं मशिन सुरळीत चालतं, त्यामागे असल्याच कुणाचं तरी जागरण असतं. नेमका बदल दाखवून दिला की ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं काम फार सोपं होतं, आणि दुरुस्ती पुढच्या अपडेटमधून सगळ्यांना फुकट मिळते.

तेव्हा तुमचा लॅपटॉप उद्या झोपेनासा झाला, तर सुरू होताना ग्रबच्या मेनूतून मागचा कर्नल निवडा. उबुंटू, डेबियन, फेडोरा सगळे तो जपून ठेवतात. यांना मात्र फोन करू नका. हे लगेच येतात, आणि चहा घेऊनही जात नाहीत.