टेस्टरभाऊ

तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमचे आंबागड वसलेले आहे, आणि त्याच्या डोक्यावर जो किल्ला उभा आहे तो देवगडच्या बख्तबुलंद शाहाचा सुभेदार राजाखान पठाण याने इसवी सन १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, आणि तेथे डांबलेल्या कैद्यांना किल्ल्यातील विहिरीचे दूषित पाणी पाजून त्यांचा निकाल लावीत, असे सांगतात. या इतिहासाचा माझ्या घरच्या विहिरीशी संबंध एवढाच की, त्या विहिरीचे पाणी पोटात जाऊन मनुष्याचा प्राण घेत असे, आणि आमच्या विहिरीचे पाणी वर येण्याचे नाकारून तेच कार्य अधिक सावकाशीने करीत असते.

पंप बंद पडला ही वार्ता आमच्या गावात कोणास सांगावी लागत नाही. नळाची धार थांबली, घरच्या मंडळींनी कोपऱ्यातला दोर आणि बादली काढली, की पाव घटकेच्या आत टेस्टरभाऊ फाटकात हजर होतात. इतर लोक सदऱ्याच्या खिशाला जेथे लेखणी अडकवितात तेथे त्यांचा टेस्टर असतो; त्याची पिवळी मूठ अनेक वर्षांच्या हस्तस्पर्शाने विड्याच्या रंगाची झाली आहे. ते पेशाने वायरमन नव्हेत. दोन एकर धानाची बांधी ठेक्याने देऊन जी फुरसत त्यांच्या पदरी पडली आहे, ती सर्वस्वी त्यांनी लोकांच्या मोटारींना वाहिलेली आहे, आणि या सेवेचा मोबदला म्हणून चहाखेरीज ते कवडीही घेत नाहीत. खरी अडचण येथेच आहे. ज्याला पैसे द्यावयाचे असतात त्याला हाकलताही येते. निरपेक्ष उपकारकर्त्यापुढे यजमान हतबल असतो.

न्यायाने बोलायचे तर त्यांची कीर्ती अगदीच निराधार नाही. काही वर्षांमागे आमच्या ओळीतील एका घरी असा चमत्कार घडला की, दिवा पेटेना, पंखा फिरेना, परंतु टेस्टर मात्र प्लगच्या दोन्ही भोकांत लुकलुकू लागला. कोणी म्हणाले दोन फेज आले, कोणी म्हणाले घराला बाधा झाली. टेस्टरभाऊंनी क्षणभर डोळे मिटले आणि उद्गारले, "न्यूट्रल तुटला हाय जी." आणि तो खरोखरच तुटला होता. परतीची वाट बंद झाली म्हणजे चालू ठेवलेल्या दिव्या-पंख्यांतून गेलेला दाब दुसऱ्या तारेवरही जाऊन बसतो आणि टेस्टर दोन्हीकडे उजळतो, हे शास्त्र बरोबर आहे. खांबावरची ढिली तार आवळताच घर उजळले. मनुष्याने आयुष्यात एकदाच आणि चारचौघांसमक्ष बरोबर ठरावे, यासारखी आपत्ती नाही. त्या दिवसापासून टेस्टरभाऊंना जगातील यच्चावत् बिघाडांत न्यूट्रल दिसू लागला.

परवाच्या प्रसंगी तपास सुरू झाला तो नेहमीच्या शिरस्त्याने, म्हणजे जबान्या घेऊन. "काहून जी गुरुजी, काल पानी किती वाजता बंद झालं? तेव्हा फ्रीज चालू होता का? वीज कडाडली होती का?" माझ्या कैफियतीवर त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून घरच्या मंडळींची स्वतंत्र साक्ष झाली, आणि दोहोंत अर्ध्या तासाची तफावत निघाल्यामुळे प्रकरणास गांभीर्य आले. नंतर त्यांनी ओट्यावरच्या पॅनेलचे हिरवे बटण दाबले. आत 'खट्' झाले. व्होल्टमीटरचा काटा २२० वर होता. अँपिअर दाखविणारा काटा शून्यावर निश्चल होता. विहिरीत शांतता होती.

यावर त्यांनी आरोपींची जी यादी सांगितली ती दर्जाच्या उतरत्या क्रमाने होती. प्रथम डीपी, म्हणजे रोहित्र. मग डीपीवरचा डीओ, म्हणजे फ्यूज. त्यानंतर उन्हाळी धानाला रात्रभर पाणी देणारे समस्त शेतकरी, ज्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या म्हणजे दाब खचतो, आणि दाब खचला की मोटार तेवढेच काम ओढण्यासाठी अधिक प्रवाह घेऊन स्वतःच्याच तापाने जळते. हे विधानही खरे. मात्र २३० व्होल्टच्या मागेपुढे सहा टक्के, म्हणजे २१६ ते २४४ पर्यंत, दाब नियमाला मंजूर असतो, आणि समोरचा काटा निरपराध उभा होता, याची त्यांनी दखल घेतली नाही. मग पाळी आली कपॅसिटरची. ३६ मायक्रोफॅरडचा तो डबा त्यांनी दुरूनच न्याहाळला, कारण मागे एकदा पुरवठा तोडल्यावरही कपॅसिटर आपल्या पोटात साठा राखून असतो ही गोष्ट त्यांना अंगठ्यामार्फत कळली होती, आणि ते दोन पावले मागे उडून म्हणाले होते, "होल्टेज हाय!"

त्यांना साधा बिघाड सोसत नाही. दहा रुपयांत मिटणारा दोष त्यांना स्वतःचा अवमान वाटतो. जितका खर्च मोठा तितका यजमानाचा मान मोठा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. त्यामुळे शेवटी वाइंडिंग जळाल्याचा निवाडा होऊन, सहा माणसे बोलावून मोटार वर काढण्याचा हुकूम सुटण्याच्या बेतात असता, शेजारचा नववीतला पोट्टा, जो इतका वेळ कुंपणावर बसून पेरू खात होता, म्हणाला, "भाऊ, कपॅसिटर गेला असता तं मोटर घुंऽऽ करते अना काटा वर चढते. इथं तं काटा हालतच नाही. करंट पेटीच्या बाहेरच गेला नाही ना जी."

टेस्टरभाऊंनी त्याच्याकडे, पाटलाने कोतवालाकडे पाहावे तसे पाहिले. पोराने खाली उतरून मेन बंद केला, टेस्टरभाऊंच्याच खिशातून टेस्टर मागून घेतला आणि त्याने पेटी उघडली. टेस्टरचा पेचकस म्हणूनही उपयोग होतो हे त्या दिवशी प्रथमच सिद्ध झाले. आत ऊब आणि आडोसा पाहून मुंग्यांनी वसाहत केली होती. कॉन्टॅक्टच्या दोन चकत्यांमध्ये सापडून पाचपंचवीस जणी चिरडल्या होत्या, आणि त्यांच्या कलेवरांची ती पातळ काळी पापडी तांब्याला तांबे भेटू देत नव्हती. पोराने ती खरवडली, पॉलिशपेपर फिरविला, झाकण लावले. बटण दाबताच काटा उसळून जागेवर बसला, आणि हौदात पाणी आले.

टेस्टरभाऊ बराच वेळ बोलले नाहीत. पराभव इतका क्षुद्र असावा याचे त्यांना दुःख झाले असावे, असे मला वाटले, आणि मी घाईने चहा मागविला. परंतु त्यांनी कालच्या वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, त्या मृत मुंग्या मुद्देमाल गोळा करावा तशा त्यात वेचून पुडी बांधली, आणि पुडी खिशात ठेवताना त्यांची दृष्टी पॅनेलवरून केबलवर, केबलवरून मीटरवर, मीटरवरून सर्व्हिस वायरवर आणि तिच्या मागोमाग थेट रस्त्यापलीकडच्या खांबावर जाऊन स्थिरावली.

"मुंग्या आल्या कुठून, हे कोनी पाह्यलं का जी?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "फेजवरून तं येऊच शकत नाही."

आणि चहाची वाट न पाहता ते खांबाकडे चालू लागले.