हळदीच्या गाण्याला बत्तीस बिट

शहापूर तालुक्याला वर्षातून दोनदा तहान लागते. एप्रिलमध्ये पाण्याची आणि नोव्हेंबरमध्ये सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची. पाण्याचं एक बरं आहे. तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातंय, पुढे भातसाचंही जाऊ लागलं, त्यामुळे धरणाच्या शेजारी हंडा घेऊन टँकरची वाट बघताना कुणाचा कसलाही गैरसमज होत नाही. सॉफ्टवेअरचं तसं नाही. तिथे कंपनीच विचारते, तहान लागलीय ना? लागली नसेल तर लागावी म्हणून ई-मेलवर ई-मेल धाडते. प्रत्येक ई-मेलमध्ये सवलतीचे शेवटचे अठ्ठेचाळीस तास उरलेले असतात. मागच्या आठवड्यातही तेवढेच उरले होते.

नोव्हेंबरलाच हे का होतं? तिकडे अमेरिकेत ब्लॅक फ्रायडेचा सेल लागतो आणि इकडे तुळशीचं लग्न लागतं. तुळशीचं लागलं की माणसांची सुरू होतात. लग्न म्हटलं की हळद आली, आणि हळद म्हटली की आसनगावापासून टोकावड्यापर्यंत प्रत्येक नवरदेवाला स्वतःच्या नावाचं गाणं लागतं. पूर्वी घोडा लागायचा, पण तो यूट्यूबवर चढत नाही. त्यामुळे शहापूर-मुरबाड या आमच्या दोन तालुक्यांत दहा बाय बाराच्या खोल्यांत स्टुडिओ निघालेत. भिंतीला अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी, टेबलावर कंडेन्सर माइक आणि डोक्यावर पत्रा. ट्रेंमुळे आतला घुमारा थोडासा मोडतो. बाहेरचा कोंबडा, एसटी आणि शेजारणीचं भांडण मात्र जसंच्या तसं आत येतं. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजतो, तेव्हा रेकॉर्डिंग बंद असतं आणि पोरं भात लावायला जातात.

हळद हा हंगामी धंदा. बारमाही गिऱ्हाइकं दोन : बैल आणि भाऊ. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३मध्ये घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला, आणि नाव कमावलेल्या प्रत्येक बैलाला आपलं गाणं हवंसं झालं. बैलाच्या गाण्याचे पैसे मालक तिथल्या तिथे मोजतो, कारण बैल पळालेला असतो. भाऊंच्या वाढदिवसाच्या गाण्याचे पैसे राहून जातात, कारण भाऊ पळालेले असतात. दुसऱ्या पक्षात. मग भाऊंचा कार्यकर्ता येतो नि म्हणतो, “तेवढं पक्षाचं नाव बदलून दे, बाकी चाल तीच राहू दे.” स्टुडिओतला पोरगा बदलून देतो. फुकट. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर अशाच एका खोलीत सध्या पेच पडलाय : क्युबेस या गाणी रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची की नाही? क्युबेस बनवणारी स्टाइनबर्ग कंपनी जर्मनीतल्या हॅम्बुर्गची. तेरावी आवृत्ती २०२३च्या नोव्हेंबरात आली, चौदावी २०२४च्या नोव्हेंबरात. चौदावीत पाश्चात्त्य स्वरलेखनाचा नवा संपादक आला, डोरिको नावाच्या त्यांच्याच नामी सॉफ्टवेअरवर बेतलेला. सोय उत्तम आहे. फक्त आमच्या बेंजोवाल्याने जन्मात कागदावरून सूर वाचलेला नाही. तो नवरीच्या मामाकडे बघून वाजवतो. मामाने शंभराची नोट काढली की लय वाढते, पाचशेची काढली की सूरही लागतो.

दुसऱ्या कंपन्यांकडे आणखी नवल आहे. एफएल स्टुडिओने २०२३मध्ये आणि ॲपलच्या लॉजिकने २०२४मध्ये तयार गाण्यातून गळा, ढोल, बास वेगवेगळे काढायची सोय दिली. ही मात्र खरोखर कामाची आहे. घरात पडलेल्या जुन्या कॅसेटवरचा आजोबांचा भजनातला आवाज टाळ-मृदंगातून बराचसा सोडवून घेता येईल. आमच्याकडे तिचा पहिला उपयोग झाला तो दुसऱ्याच्या गाण्यातला ढोल सोडवून आपल्या गाण्यात बांधायला.

पण नव्या सोयीचं पुढे काय होतं, तेही बघू. पोरगा ९६ किलोहर्ट्झ आणि ३२ बिट फ्लोटवर रेकॉर्डिंग करतो. सीडीच्या आख्ख्या जमान्याला ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट पुरले होते, पण नवरदेव मुरबाडचा आहे, त्याला कमी पडायला नको. मग गाणं स्टेटसला लावायला व्हॉट्सॲपवर जातं, तिथे पिळून निघतं. यूट्यूबवर चढतं, तिथे फार मोठ्याने वाजणारं गाणं साधारण उणे १४ एलयूएफएस या मापापर्यंत खाली आणतात. म्हणजे पोराने रात्रभर जागून वाढवलेला आवाज यूट्यूब सकाळी कमी करतं. तिथून ते डीजेच्या मोबाइलमध्ये उतरतं, ब्लूटूथने मिक्सरमध्ये शिरतं आणि पिकअपवर रचलेल्या पेट्यांतून वऱ्हाडाच्या बरगड्यांत पोचतं. बत्तीसातले किती बिट बरगडीला कळले, हे विचारायची सोय नसते. रात्री दहाला ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमाने सगळं बंद करावं लागतं. जिथे होतं, तिथे हे एकच अपग्रेड शेजाऱ्यांना ऐकू येतं.

सल्लागारांची मात्र वाण नाही. डीजेवाला म्हणाला, “घेऊन टाक, बास वाढेल.” त्याला कुठलीही वस्तू दाखवा, तो हेच म्हणतो. भजनी बुवा म्हणाले, “पेटी नीट लाव, तेवढं पुरे.” मुरबाडचा मेहुणा म्हणाला, “थांब, पुढची आवृत्ती येऊ दे.” मुरबाडकरांना थांबायचा सराव दांडगा. कल्याण-मुरबाड रेल्वे नावाचं अपग्रेड त्यांच्याकडे दर निवडणुकीला जाहीर होतं. गाडीची शिटी काही अजून मुरबाडात वाजलेली नाही.

सगळ्यांत मोठा सल्ला धवलारणीकडून मिळाला, तोही न मागता. लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी ही आजी. पोराने तिचा आवाज रेकॉर्ड केला आणि म्हणाला, “आजी, मधल्या दोन ओळी परत घ्या.” आजी म्हणाली, “देव येऊन बसलं. आता परत कुनाला बोलवू?” तिचा आवाज मग सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. ऑटो-ट्यून म्हणजे या जातीतला मूळपुरुष. १९९७मध्ये ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतून परतणाऱ्या लहरींचा हिशेब करायचा. त्याच गणिताने त्याने गळ्यातली उंची मोजली. मोजलेला सूर जवळच्या ठरलेल्या पट्टीवर नेऊन बसवायचा, एवढं त्या यंत्राचं काम. आजीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या बांधावरून चालतो. यंत्राने तिला ओढून शेतात उतरवली आणि आजीच्या जागी शाळेतली प्रार्थना ऐकू यायला लागली. आवृत्ती तेरावी असती काय नि चौदावी असती काय, तिला बांध दिसलाच नसता.

इथवर आल्यावर पोराच्या बापाने फक्त अडाणी माणसालाच सुचेल असा प्रश्न विचारला : “आधीचं कितीला घेतलंवतंस?”

पोरगा माइकची वायर गुंडाळायला लागला. आधीचं कल्याणहून पेनड्राइव्हवर आलं होतं.

आता झाली का पंचाईत! अपग्रेडची सवलतीची किंमत असते मूळ प्रत घेतलेल्याला. ज्याने मूळच घेतलं नाही, त्याला सवलत कशावर देणार? महिनाभर ज्या किमतीवर तीन पिढ्यांनी चर्चा केली, ती किंमत आपल्यासाठी नव्हतीच. २०२२मध्ये बारावी आवृत्ती येईपर्यंत क्युबेसला परवान्याची चावी यूएसबीत खोचून ठेवावी लागे. पेनड्राइव्ह संप्रदायाची चावी वेगळी : आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. या चावीने सॉफ्टवेअर उघडतं, आणि संगणकाचं मागचं दारही. मग ऐन हळदीच्या आदल्या रात्री गाण्याची फाइल उघडत नाही, आणि तक्रार करायला कंपनी नसते, कारण कंपनीच्या लेखी आपण जन्मलेलोच नसतो.

बरं, सचोटीने वागायचं ठरवलं तर मार्ग बंद आहेत असंही नाही. एफएल स्टुडिओ बनवणारी बेल्जियमची इमेज-लाइन एकदा पैसे घेते आणि पुढच्या आवृत्त्या फुकट देते. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघायला मिळतं. छोट्या धंद्याला परवाना साठ डॉलरचा. लॉजिक एकदा घेतलं की पुढची भर आजवर फुकट आली, फक्त आधी मॅक घ्यावा लागतो, म्हणजे हत्ती फुकट आणि माहूत कर्जाने. ऑडॅसिटी तर मुळातच मोफत. उलट टोकाला भाड्याची पद्धत आहे : महिन्याचे पैसे थांबले की सॉफ्टवेअर थांबतं. प्लगइन विकणाऱ्या वेव्हजने मार्च २०२३मध्ये कायमची विक्री बंद करून सगळं भाड्यावर न्यायचं जाहीर केलं. जगभरचे वादक असे खवळले, की कंपनीने थोड्याच दिवसांत निर्णय फिरवला. आमच्या दोन तालुक्यांत कुणी खवळलं नाही. पेनड्राइव्हला भाडं नसतं.

नव्या आवृत्तीच्या मागून येणारी वरात वेगळीच. नव्या सॉफ्टवेअरला हळूहळू नवं विंडोज लागतं. विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती नसेल तर संगणक नवा घ्या. संगणक नवा आला की जुन्या ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर रुसतो. त्याची समजूत काढावी तर जुनी गाणी उघडताना निम्मे प्लगइन सापडत नाहीत. यादीच्या तळाशी पतसंस्था उभी असते.

म्हशाच्या जत्रेत पौष पौर्णिमेला बैल घेताना आमचा शेतकरी काय करतो? दात बघतो, चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवतो आणि घरी कुठलं काम अडलंय ते आठवतो. शिंगांचा रंग शेवटी बघतो. तोच शेतकरी सॉफ्टवेअर घेताना आधी शिंगं बघतो. क्युबेसचीही चाचणीची प्रत मिळते. तिच्यात आपलंच एखादं जुनं, अडलेलं गाणं उघडावं, आपल्याच संगणकावर चालवावं, आणि हळदीचा हंगाम उलटल्यावर. हंगामात बैल बदलणारा आणि आवृत्ती बदलणारा, दोघांचं पीक उभ्यानं जातं.

राहिला प्रश्न काम कुठे अडलंय याचा. बापाने त्यासाठी स्टुडिओची वही मागवली. गाणी का रखडली, याच्या नोंदी अशा : लाइट गेली. पाऊस आला. गायकाचा घसा बसला. नवरदेवाचं नाव यमकात बसेना. नवरी बदलली. लाइट गेली. पैसे आले नाहीत. आवृत्ती जुनी म्हणून गाणं रखडलं, अशी एकही नोंद सापडली नाही. पैशांच्या नोंदी मात्र पानं भरून होत्या. मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. या स्टुडिओने तो मान आपल्या हिमतीवर मिळवलाय, इथेही कॅश येत नाही.

मग निकाल लागला. आधी यूपीएस आणि इन्व्हर्टर, म्हणजे लाइट गेली तरी घेतलेलं गाणं जाणार नाही. मग छताखाली रॉकवूल, मग गायकाला मानधन. सॉफ्टवेअर साठ डॉलरचं, पण पावतीचं. क्युबेसचा विचार एखादं गाणं खरोखर त्याच्यामुळे अडेल तेव्हा.

पोरगा हिरमुसला. तेव्हा बापाने वहीतलं एक पान उघडून त्याच्यापुढे धरलं. भाऊंचं वाढदिवसाचं गाणं, मूळ आवृत्ती. त्याखाली पक्ष बदलला, दुसरी आवृत्ती. गट बदलला, तिसरी. युती झाली म्हणून कडव्यात नवे साहेब, चौथी. रकमेचा रकाना सगळीकडे कोरा.

“ती जर्मन मानसं धाव्याचं धा घेतात, अकराव्याचं अकरा घेतात,” बाप म्हणाला. “तू भाऊंना फुकट अपग्रेड देतोस नि सोता पैशे मोजायला निघालास. आजपासून पक्षबदलाला अपग्रेडचा दर लाव. मूळ गाण्याची पावती नसंल तर सवलत नाय.”

दरपत्रक दाराला चिकटवलंय. महाराष्ट्राच्या राजकारणाची सध्याची गती बघता, क्युबेसच्या विसाव्या आवृत्तीपर्यंतची तजवीज पुढच्या निवडणुकीतच होऊन जाईल.