फुटबॉलच्या भविष्यवेत्त्यांस अनावृत पत्र

सकलगुणालंकरण, अखंडितलक्ष्मीअलंकृत, राजमान्य राजश्री, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे समस्त पंडित, विश्लेषक, निवृत्त खेळाडू व तत्सम त्रिकालज्ञ मंडळी यांचे सेवेसी,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आमच्याकडे श्रावणाची झड लागलेली असते, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि मनुष्यास हातातील चहाखेरीज कशाचाच भरवसा वाटेनासा होतो, नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे वीस संघांची पहिल्यापासून विसाव्यापर्यंत क्रमवार यादी प्रसिद्ध होते. आणि त्या यादीत सतराव्या नावाखाली एक आडवी रेघ ओढून, रेघेखालच्या तिघांवर, अद्याप एकही चेंडू लाथाडला गेलेला नसताना, आपण पदावनतीचा हुकूम बजावून मोकळे होता. आमचे पंचांगकर्तेही भविष्य सांगतात. मृगाचे वाहन गाढव की बेडूक हे ते छातीठोकपणे लिहितात. पण पाऊस अमक्या तारखेस तमक्या गावी पडेल असे लिहिण्याचे साहस त्यांच्या हातून कधी घडत नाही, आणि ‘खंडवृष्टीचे योग’ या दोन शब्दांत त्यांनी पळून जाण्यापुरती एक खिडकी नेहमीच उघडी ठेवलेली असते. आपण मात्र खिडकी ठेवीत नाही. या निर्भयतेबद्दल आपले अभिनंदन करावे, या हेतूनेच मी लेखणी उचलली होती.

परंतु आपल्या विद्येच्या मूलतत्त्वांचा थोडा शोध घेतला असता असे आढळून आले की, ती सारी विद्या एका वाक्यात मावते : खालच्या श्रेणीतून जे तीन संघ नुकतेच वर आले, तेच तीन पुन्हा खाली जातील. शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात नवीन आलेल्या तीन मुलांकडे बोट दाखवून ‘हे नापास’ असे सांगणाऱ्या मास्तरांस आम्ही खाष्ट म्हणत असू. तज्ज्ञ म्हणत नसू. आणि तोच निवाडा दूरचित्रवाणीवर, उत्तम शिवलेल्या कोटात, पडद्यावर बाण काढून सांगितला म्हणजे त्याचे शास्त्र कसे होते, हे कोडे मला अद्याप उलगडलेले नाही.

बरे, या शास्त्राचा पूर्वेतिहास तरी निष्कलंक असावा! १९६१ साली इप्सविच टाउन हा संघ प्रथमच पहिल्या श्रेणीत आला. शेतीवाडीच्या मुलुखातले गाव, नवखी मंडळी, आणि प्रशिक्षक आल्फ रॅम्झी नावाचे एक मितभाषी गृहस्थ. त्या संघाने पहिल्याच हंगामात विजेतेपद पटकावले. मग रॅम्झींना इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे बोलावणे आले, ते गेले, आणि १९६३-६४ च्या हंगामात याच इप्सविचने १२१ गोल खाल्ले, फुलहॅमकडून नाताळच्या दुसऱ्या दिवशी १०-१ असा मार खाल्ला, आणि तो तळाला जाऊन बसला. यांपैकी कोणता इप्सविच आपल्या यादीत कोणत्या क्रमांकावर बसला असता, हे जाणून घेण्याची मला मनापासून उत्सुकता आहे.

त्याहून विलक्षण मासला मँचेस्टर सिटीचा. १९३७ साली हा संघ विजेता झाला. पुढल्या हंगामात त्याने ८० गोल केले. श्रेणीतील अन्य कोणत्याही संघास तेवढे साधले नाहीत. खाल्ले ७७. म्हणजे जमा ८०, खर्च ७७, शिल्लक ३. आणि एवढी शिल्लक दप्तरी असताना हा गतविजेता बावीस संघांत एकविसावा येऊन खालच्या श्रेणीत रवाना झाला. मिळकतीत अव्वल, वहीत शिल्लक, आणि तरीही दिवाळे! आमच्या पेठेतील एका पेढीची कथा मला येथे आठवते. पण तिचे वारस अद्याप हयात असल्यामुळे ती येथेच तहकूब करतो.

लेस्टरचे नाव काढावे की न काढावे, याचा मी बराच विचार केला. कोणाच्याही दुखऱ्या गळवावर बोट ठेवणे हे सभ्यपणाचे लक्षण नव्हे. तथापि २०१५ च्या उन्हाळ्यात, फॅरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरल्यामुळे ग्रीसने बरतर्फ केलेल्या क्लॉडिओ रानिएरी यांस लेस्टर सिटीने पाचारण केले, तेव्हा आपल्या कंपूने जे उसासे टाकले आणि सट्टेवाल्यांनी त्या संघाच्या विजेतेपदास जो पाच हजारास एक असा भाव लावला, त्याचा पुरावा दप्तरांतून कोणासही पुसून टाकता येणार नाही. २ मे २०१६ रोजी लेस्टर विजेता झाला. आपणांपैकी एकट्या गॅरी लिनेकर यांनी, जे स्वतः त्याच गावचे, असे घडल्यास केवळ अंतर्वस्त्रानिशी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम सादर करीन असा पण केला होता. आणि ऑगस्टात त्यांनी तो पाळला. चुकलेल्या भाकिताची किंमत उघड्यावर मोजणारा हा एकच सावकार मला आपल्या पेठेत दिसला. बाकीच्यांनी ‘फुटबॉल म्हणजे अनिश्चितता’ असे म्हणून कोटाची बटणे लावून घेतली, आणि पुढच्या ऑगस्टात पुन्हा नव्या याद्या काढल्या.

माझे स्वतःचे हातही या बाबतीत स्वच्छ नाहीत, हे कबूल केलेले बरे. कित्येक वर्षे मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागल्या पानावर तीन नावे लिहून शेजाऱ्याशी चहाची पैज लावीत आलो आहे, आणि सोमवारी मध्यरात्री साडेबाराला सुरू होणारे सामने पाहत बसल्यामुळे मंगळवारी कचेरीत डुलक्या घेत आलो आहे. सुरुवातीस मी या पैजा सर्रास हरत असे, आणि हरल्याचा आनंद काही निराळाच असे.

आणि येथेच माझ्या खऱ्या गाऱ्हाण्यास आरंभ होतो. महाराज, आपण चुकत होता तोवर आपले ठीक चालले होते. मग आपण बरोबर येऊ लागलात. २०२३-२४ मध्ये बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि लुटन हे तिन्ही नवागत खाली गेले. २०२४-२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन हे तिन्ही नवागत खाली गेले. पैकी साउदॅम्प्टन तर सात सामने शिल्लक असतानाच, आणि अखेरीस अवघे १२ गुण गाठीशी बांधून. तिन्ही नवागत एकदम बुडण्याचा प्रसंग त्यापूर्वी या लीगमध्ये १९९७-९८ साली एकदाच आला होता; तो लागोपाठ दोन वर्षे आला. आपल्या गोटात या यशाबद्दल पेढे वाटले गेले असतील, तर ते मला पाठवू नयेत.

कारण हे यश आपल्या दिव्यदृष्टीचे नव्हे, ते तिजोरीचे आहे. प्रीमियर लीगमध्ये शेवटचा येणाऱ्या संघासही प्रक्षेपणाच्या हक्कांपोटी वर्षाला दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. खाली गेलेल्यास पुढली दोन-तीन वर्षे ‘पॅराशूट’ नावाची मदत मिळत राहते, जशी आमच्याकडे गादी गेलेल्या संस्थानिकांस सालिना तनखा मिळे. तनखेवाले पुन्हा वर येतात, जुन्या मिरासदारांपुढे हतबल होतात, पुन्हा खाली जातात, पुन्हा तनखा घेतात. अशा कारभारात ज्योतिषाचे काम उरत नाही. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर जे दिसते तेच मे महिन्यात गुणतक्त्यावर दिसते. तरीही आपण कपाळाला भस्म फासून बसता, याची मला गंमत वाटते. आणि थोडी कीवही येते.

लुटनचेच पाहा. ज्याच्या मैदानात पाहुण्या प्रेक्षकांस चाळीवजा घरांच्या रांगेतील एका बोळकांडीतून, लोकांच्या परसातील वाळत घातलेले कपडे न्याहाळीत प्रवेश करावा लागतो, असा हा संघ. २००८-०९ मध्ये त्याच्या खात्यातून, हिशेबाच्या गुन्ह्यांबद्दल व दिवाळखोरीबद्दल, हंगामाच्या आरंभीच ३० गुण वजा करण्यात आले. साहजिकच तो पाचव्या पायरीवर गेला, तेथे पाच वर्षे कुजला, आणि २०१४ मध्ये तेथून निघून नऊ वर्षांत प्रीमियर लीगच्या दारात येऊन उभा राहिला. आपण त्यास शेवटच्या तिघांत टाकलेत, आणि आपले बरोबरच आले. पण त्या नऊ वर्षांपैकी एकाही वर्षाचे भाकीत आपल्या कोणत्या यादीत होते? खालच्या पायऱ्यांची यादी आपण काढीतच नाही. (आमचे पुष्कळ गोवेकर ज्या स्विंडन गावी जाऊन राहिले आहेत, तेथील संघही १९९३-९४ मध्ये एकच वर्ष या वरच्या लीगमध्ये नांदला, त्याने १०० गोल खाल्ले आणि तो कायमचा परतला, पण त्या एका वर्षाच्या गोष्टी तेथील म्हातारे अजून सांगतात म्हणे.)

म्हणून हुजुरात नम्र अर्ज की, मे महिनाअखेर आपल्या सर्व याद्या एकत्र मांडाव्यात, आपला स्वतंत्र गुणतक्ता करावा, आणि तळच्या तिघांस एक वर्ष त्या पाचव्या पायरीवर धाडावे. तेथे कोट नाही, पडदा नाही, बाण नाहीत. फेब्रुवारीतला पाऊस आहे, पत्र्याच्या छपराखालचे मोजके प्रेक्षक आहेत, आणि रबरी बूट घातलेला एखादा मैदानरक्षक आहे, ज्यास पुढल्या शनिवारी मैदान खेळण्याजोगे राहील की नाही एवढे एकच भविष्य बहुधा खरे सांगता येते.

बहुत काय लिहिणे? आपण सुज्ञ आहात. कृपालोभ असू द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निद्राहीन प्रेक्षक

ता. क. : सोबतच्या बंद पाकिटात मी ज्याचा कैवारी आहे त्या संघाचे नाव लिहिले आहे. येत्या यादीत त्यास कृपा करून विसावे स्थान द्यावे. लहान मुलाच्या गालावर काजळाची तीट लावतात, तशी ती उपयोगी पडेल.