फी मालकाची, शिक्का सरकारचा

मंगोलियाला समुद्र नाही. तरीही 2003 पासून मंगोलियाचा झेंडा लावून जहाजं जगभर हिंडू लागली आणि त्यांची नोंदणी सिंगापुरातल्या कचेरीत होऊ लागली. लायबेरियाला समुद्र आहे, पण त्याच्या जहाजांचं दफ्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. आता अशा देशांनी टाक्यांत उतरून, टॉर्च मारून पत्र्यावरचा गंज मोजणारे सर्व्हेअर पदरी बाळगावेत, अशी अपेक्षा करणं दुष्टपणाचं आहे.

ही अडचण ओळखूनच जहाजांच्या सुरक्षिततेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात सोय केलेली आहे. पहिल्या प्रकरणातला सहावा नियम म्हणतो, तपासणी झेंड्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांनी करावी. पण मान्यता दिलेल्या संस्थेवरही ती सोपवता येईल. मात्र ती चोख झाल्याची पूर्ण हमी सरकारचीच! काम एकाचं, हमी दुसऱ्याची. राहता राहिले पैसे. ते जहाजमालक देतो. संस्थाही तोच निवडतो, आणि ती फार कटकट करायला लागली तर दुसरी गाठतो. पीयूसी काढायला गेलेला स्कूटरवाला नापास होऊन परतल्याचं कुणी ऐकलंय? इथे स्कूटरच्या जागी तेलवाहू जहाज आहे, इतकंच.

या संस्थांतली माणसं अडाणी नसतात, हे सांगायलाच हवं. पोलादाची नस ओळखणारे तज्ज्ञ तिथे आहेत, आपल्या पवईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगमध्येही आहेत. प्रश्न बिल कुणाच्या नावानं फाडलं जातं, एवढाच आहे.

‘एरिका’चंच घ्या. 1975 साली जपानात बांधलेलं, अनेक नावं बदललेलं तेलवाहू जहाज. झेंडा माल्टाचा, प्रमाणपत्रं इटलीतल्या जेनोआच्या ‘रिना’ या संस्थेची. नोव्हेंबर 1999 मधल्या वार्षिक तपासणीत गंज दिसला. सर्व्हेअरनं तो इमानेइतबारे नोंदवला आणि पत्र्याची जाडी जानेवारीपर्यंत मोजून घ्या म्हणून सांगितलं. गंजाला ही मुदत कुणी कळवली नसावी. 12 डिसेंबरला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर जहाज दुभंगलं आणि हजारो टन जड तेल किनाऱ्यावर आलं.

खरी बहार पॅरिसच्या न्यायालयात आली. रिनाचं म्हणणं, आम्ही माल्टा सरकारच्या वतीनं काम करत होतो. सार्वभौम राष्ट्रावर परक्या देशात खटला चालत नाही, तेव्हा आमच्यावरही नाही. वा! गंज मोजताना खासगी संस्था, फी घेताना खासगी संस्था, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पाऊल टाकताच थेट सार्वभौम राष्ट्र. इतकी जलद बढती कुठल्याही सरकारी खात्यात मिळत नाही. फ्रेंच न्यायाधीशांना मात्र ती मानवली नाही. 2008 मध्ये रिनाला 3,75,000 युरो दंड झाला. शेजारी तेवढाच दंड तेलकंपनी टोटलला. 2012 मध्ये वरच्या न्यायालयानंही दोघांना दोषी ठरवणं कायम ठेवलं.

तरी सार्वभौमत्वाची ही ढाल अडगळीत गेली नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये ‘अल सलाम बोकाचो 98’ ही फेरी तांबड्या समुद्रात बुडाली आणि हजारावर माणसं गेली. झेंडा पनामाचा, प्रमाणपत्रं पुन्हा रिनाची. नातेवाइकांनी जेनोआत दावा लावला, तर उत्तर ठरलेलं: आम्ही म्हणजे पनामा! प्रकरण लक्झेंबर्गला, युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं. मे 2020 मध्ये, जहाज बुडून चौदा वर्षं झाल्यावर, न्यायाधीशांनी सांगितलं की या संस्थांनी राजसत्ता वापरली नसेल, तर सार्वभौमत्वाचं कवच खटल्याच्या आड येत नाही. खरोखर वापरली होती की नव्हती, हे तपासायचं काम मात्र त्यांनी जेनोआच्या न्यायालयावर सोपवलं.