नवं इंजिन, जुनी चाल

जुनी गाडी भंगारात घालवत नाही आणि नवी परवडत नाही, या दोन नकारांमधल्या चिंचोळ्या जागेत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली इंजिन बदलण्याची कला वाढली आहे. कापसाने भरलेली जुनी महिंद्रा पिकअप पुसदकडच्या घाटात धापा टाकू लागली, की मालक तिच्यासाठी तरुण डिझेल इंजिन शोधायला निघतो. इंजिन सापडतं, चेनपुलीवर लटकत गॅरेजात येतं आणि मग मिस्त्रींचा खरा पेच सुरू होतो. जुन्या इंजिनाचा पंप साधा, यांत्रिक. एकदा सुरू झालं की बॅटरीची आठवणही न काढणारं, आणि बंद करायचं तर तार ओढून डिझेल तोडायचं. नवं कॉमन रेल डिझेल इंजिन, म्हणजे सीआरडीई, मात्र सेन्सर, संगणक आणि वायरिंगचा अख्खा गुंता घेऊन येतं. "इंजिन बसवनं सोपं हाय भाऊ," मिस्त्री म्हणतात, "पन ह्याचं डोकं कुठं बसवू?"

शेवटी डोकंही कुठेतरी, डॅशबोर्डखाली, बसतं. फाउंडेशन कापून पुन्हा वेल्ड होतं, गिअरबॉक्सशी सूत जुळतं, पिकअप गुरगुरते. पाटे मात्र तेच, स्टिअरिंग तेच, आणि घाटाच्या पायथ्याशी आपोआप दुसऱ्या गिअरकडे जाणारा ड्रायव्हरचा हातही तोच. माझ्या एका मामांनी गुडघा बदलून घेतला, तरी पायरी चढण्याआधी ते कठड्याला हात लावतातच. दुखणं गेलं, दुखण्याने शिकवलेली अदब राहिली.

या जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर एकेकाळी धावणारी आमची शकुंतला रेल्वे वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या वाटेला लावण्यासाठी जन्मली, आणि तिचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेलं. कापूस तिकडे गेला, इंजिन इकडे आलं. व्यवहार अगदी चोख. १५ एप्रिल १९९४ रोजी त्या म्हाताऱ्याला निवृत्त करून डिझेल इंजिन जोडलं. धूर बदलला, आवाज बदलला; पण रूळ तेच अरुंद, अडीच फुटी. अंगात ताकद आली तरी घाई काही अंगी लागली नाही.

कायद्यालाही हे उमजलेलं दिसतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. रीतसर केला, तर आरसीवर इंजिन नंबर नवा चढतो आणि चेसिस नंबर जुनाच राहतो. म्हणजे काळीज बदललं तरी सरकारदरबारी गाडीची ओळख तिच्या हाडांवरून.

गाडी ताब्यात देताना मिस्त्री अभिमानाने सांगतात, "काका, आता ऐंशीनं पळते."

काका स्टिअरिंगवरची धूळ बाहीने पुसतात. "पळन ते. पन तिले काहून पळवू बाप्पा? ब्रेक त माह्याच वयाचे हायेत."