यादीतून वाचलेलं कोहळं

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची भाची खामगावला मावशीकडे आली ती छापील यादी घेऊन. मावशीला वाटलं, किराण्याची असेल. होती उलटीच, काय काय आणायचं नाही त्याची.

भाचीला हाशिमोटो झालेला. शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उठते, तो हा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२मध्ये त्याचं वर्णन लिहिलं आणि नाव कायमचं चिकटलं. ‘‘जपानचा आजार आपल्या घरात कसा आला वं पोरी?’’ मावशीने विचारलं आणि चष्मा चढवला.

आहाराचं नाव ‘ऑटोइम्यून प्रोटोकॉल’. त्यात धान्यं, डाळी, दूधदुभतं, अंडी, दाणे आणि बिया बंद. मावशी बोट ठेवत वाचत गेली आणि एकेका ओळीगणिक बुलढाणा जिल्ह्याची पेरणीच मोडत गेली. ज्वारी गेली. तूर, हरभरा गेले. सोयाबीन तेलासकट गेलं. शेंगदाणा ही तर डाळींची भावकी. ज्या कापसासाठी इंग्रजांनी १८७०मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आणला, त्याची सरकीसुद्धा शेवटी बीच. तिचंही तेल बाद. दिवाळीच्या फराळाचं काय झालं ते विचारू नये. चकलीचा डबा भाचीसमोरून उचलताना मावशीचा हात जड झाला होता.

पुढचं पान जास्त दुखरं. वांगं, टमाटं, आलू आणि मिरची एकाच कुळातली, त्यामुळे चौघांनाही एकदमच बंदी. म्हणजे रोडग्यांसोबतची वांग्याची भाजी नाही, ठेचा नाही. जिरं, मोहरी, धणे या बिया, म्हणून फोडणी नाही. हिंग तरी? भाचीने डबीवरची बारीक अक्षरं वाचली. आत मैदा मिसळलेला.

‘‘मंग खाते काय माणूस? हवा?’’

पालेभाज्या, कंद, भोपळा चालतो, भाची म्हणाली. मावशीचा चेहरा उजळला. ‘‘म्हंजे कोहयं!’’ भाची दचकली. पुण्यात कोहळा म्हणजे पेठ्याचा पांढरा. वऱ्हाडात लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. परसातल्या कुंपणावर चढलेला वेल कोणी पेरलाही नव्हता, त्यामुळे यादी करणाऱ्यांच्या नजरेतूनही तो सुटला असावा. शेजारी अंबाडी होतीच. गजानन महाराजांच्या प्रकटदिनी पिठलं-भाकरीसोबत नैवेद्याला असते, तीच. पानाला यादीची हरकत नव्हती, हरकत होती सोबत्यांना. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ असते. ही दोन्ही नसली तर भाजी सुटी, आंबट आणि नुसती पाणचट होते.

मावशीने तिथे डोकं चालवलं. अंबाडीची पानं उकडून पाणी फेकलं, आंबटपणा बेतात आला. कोहळ्याच्या फोडी आलं, हळद, मीठ घालून झाकणावर पाणी ठेवून शिजवल्या आणि पळीने घोटल्या. कण्यांचं काम कोहळ्याने केलं: भाजी मिळून आली, गोडसर-आंबट लागली. राहिली फोडणी. भाचीने बॅगेतून खोबरेल तेल काढलं.

‘‘हे डोक्याले लावतेत, बाप्पा!’’

कढईत खोबरेल तापताना स्वयंपाकघराला वेणीफणीचा वास सुटला. मग ठेचलेल्या लसणाच्या दहा पाकळ्या पडल्या, कढीपत्ता तडतडला आणि वास घरात परतला. काकांनी एक घास घेतला, ‘‘बरी आहे’’ म्हणाले आणि गुपचूप ठेच्याकडे हात नेला. त्यांना यादी लागू नव्हती.

या आहाराने काय होतं, याचा छोटा पुरावा आहे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात हाशिमोटोच्या १७ बायकांनी दहा आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. ज्यांनी तो पुरा केला त्यांना बरं वाटू लागलं, पण थायरॉइडच्या तपासणीचे आकडे फारसे हलले नाहीत. म्हणून भाचीची सकाळची गोळी चालूच. यादी जन्माची नसते, हेही मावशीला उशिरा कळलं. ठरावीक आठवड्यांनंतर एकेक पदार्थ परत आणून अंगाला काय होतं ते पाहायचं असतं. जिरं-मोहरीचा नंबर लवकर लागतो.

‘‘आन् मिरचीचा?’’

‘‘सगळ्यांत शेवटी.’’

मावशीने लाल मिरच्यांची बरणी उचलली, तोंडाला फडकं बांधलं आणि वरच्या फळीवर, काकांचा हात पोचणार नाही अशी ठेवली.